अकरा नंबरचं कुटुंब

ड्युसेलडॉर्फ,
१९ जानेवारी १९६४

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

गणपतीत आलेल्या तुमच्या पत्राला संक्रांत होऊन गेल्यावर उत्तर लिहिते आहे, याची लाज वाटते. वेळ मिळाला नाही असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं, कारण ते खरं नाही. तुम्ही सरळ विचारलं होतंत की आईंना इकडे केव्हा आणणार, आणि मला धड होही लिहवेना, नाहीही लिहवेना. रोजनिशीत दोन्ही उत्तरांचे मसुदे आहेत. दोन्ही वाचले की लिहिणारी बाई चांगली वाटते, फक्त ती एकच बाई वाटत नाही.

आमचं घर तुम्ही फोटोत पाहिलं आहे. चौथ्या मजल्यावर, छपराखालच्या दोन खोल्या. फोटो ह्यांनी अशा कोपऱ्यातून काढला होता की छप्पर उतरतं आहे ते दिसू नये. लतिका बारा वर्षांची झाली, ती अजून कुठेही सरळ उभी राहू शकते. ह्यांना फक्त खोलीच्या मधोमध उभं राहता येतं. पण घर उबदार आहे, आणि आम्ही मजेत आहोत.

तुम्हाला एक नवीन सांगायचं आहे. इथे शेजाऱ्यांची एक संस्था आहे, तिला फेराइन म्हणतात. निवृत्त शिक्षिका फ्राउ हेगेमान ती चालवतात. चार वर्षांपासून इथल्या कारखान्यांत स्पॅनिश माणसं कामाला येताहेत. त्यांना काम लगेच मिळतं, घर मिळत नाही. घरमालक दारात येऊन, मान हलवून, दार लावून घेतात. फेराइन त्यांच्यासाठी स्वस्त भाड्याची घरं शोधते, ऑफिसांतून त्यांच्याबरोबर जाते. मी सप्टेंबरपासून तिथे सेक्रेटरी आहे. पगार नाही, पण टाइपरायटर आहे.

तिथे मला पिलार भेटली. पिलार रोब्लेस, तिशीची असेल. तिचं जर्मन आणि माझं जर्मन एकाच उंचीचं, म्हणून आमचं जमतं. ती डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात आहे आणि तिथल्याच बायकांच्या होस्टेलवर राहते. तिचा नवरा आन्सेल्मो तारेच्या कारखान्यात, पुरुषांच्या होस्टेलवर. लग्नाची माणसं; पण तिला त्याच्या होस्टेलवर जाता येत नाही, त्याला तिच्या. रविवारी दोघं रेल्वे स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसतात. तिथे शेगडी असते आणि कोणी हटकत नाही. सहा वर्षांची मुलगी इनेस स्पेनमध्ये, गावी आजीकडे आहे. आजीला आता दिसेनासं झालं आहे. उन्हाळ्यात मुलीला जोगिणींच्या वसतिगृहात घालणार, असं मामा म्हणतो. मुलीला इकडे आणायचं तर "पुरेसं घर आहे" असा दाखला लागतो. घर नाही म्हणून दाखला नाही.

आणि आता फेराइनला एक फ्लॅट मिळतो आहे. ओबरबिल्कमध्ये नवीन इमारत होते आहे, त्यात अडीच खोल्या, न्हाणीघर आत. कोणाला द्यायचा ते फेराइनने ठरवायचं. फ्राउ हेगेमान म्हणाल्या, "आपल्याला कोण गरजू ते माहीतच आहे, देऊन टाकू." मला हे पटलं नाही. म्हणून मी तीन सूचना केल्या. एक, "स्पॅनिश कुटुंब" हे शब्द काढून "परदेशी कुटुंब" असं करावं. (तुमच्या सोसायटीत फक्त आपल्यातलेच सभासद घेतात यावरून मी तुमच्याशी वाद घातला होता. इथे गप्प बसले असते तर तो वाद खोटा ठरला असता.) दोन, गरजेला मार्क द्यावेत: खोलीमागे माणसं किती, ओल, गळती, घरात मुलं, म्हातारी माणसं, कामाचं अंतर. तीन, अर्जांवर नाव नको, नंबर असावा. पुणे विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांसारखा. बाकीची चौकशी हेर, म्हणजे श्री., कोस्टर करतील, ते एकटे नावं पाहतील आणि आमच्यापुढे टाइप केलेल्या नकला ठेवतील. ते पूर्वी नगरपालिकेत इमारती तपासत, स्वभावाने कोरडे आहेत.

सगळं एकमताने पास झालं. फ्राउ हेगेमान म्हणाल्या, "हे जर्मन माणसाला सुचायला हवं होतं."

रोज निजण्यापूर्वी रोजनिशीत दुसऱ्या दिवशीचं एकच काम लिहायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. उद्या: अर्जाचे कोरे नमुने टाइप करणे.

आईंना साष्टांग नमस्कार.

तुमची,
मालिनी


पुणे,
६ फेब्रुवारी १९६४

चि. सौ. मालिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. पाच महिने वाट पाहिली आणि मिळाली स्पेनची बातमी. आईच्या प्रश्नाला दोन मसुदे आहेत म्हणतेस. त्यातला एक पाठवला असतास तरी चाललं असतं, कुठला ते मी विचारलं नसतं.

आमची सोसायटी तुला खुपते, खुपू दे. आपल्यातलीच माणसं घेतली म्हणून गच्चीवर कोणी कोणाच्या सांडग्यांना नावं ठेवत नाही. तरी भांडणं आहेतच. गेल्या महिन्यात पाण्याच्या टाकीवरून दिनकररावांनी सेक्रेटरीला "आपल्यातला म्हणून सोडतो" असं सुनावलं. परका असता तर काय केलं असतं ते कळलं नाही.

आता इकडचं. विनयचं लग्न ठरलं, मेच्या शेवटी आहे. मुलगी नागपूरची, बी. एस्सी. आमच्याही स्वयंपाकघर सोडून दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत आई निजते आणि आतल्या खोलीत आम्ही. विनय सध्या गॅलरीत पथारी टाकतो. नव्या सुनेला गॅलरी दाखवू का? माझ्या आईला मी एकोणीस वर्षं सांभाळलं, तक्रार नाही. पण यशवंत मुलगा आहे, आणि तू सून आहेस. हे लिहून ठेवते, मोठ्याने म्हणत नाही.

तुझी मार्कांची पद्धत मात्र मला आवडली. मी दोनदा वाचली. म्हातारी माणसं, ओल, गळती, परदेशी कुटुंब. छान केलंस. आपल्या माणसांनाच घर द्यायचं असं तुझ्यासारखी शिकलेली बाई करणार नाही, हे खरं.

यशवंताला मी वेगळं पत्र घातलं आहे, त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर. लग्नाच्या आहेराचं वगैरे आहे, तुला कंटाळा येईल.

आई बरी आहे. तुझ्या पत्रातलं जोगिणींचं तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "त्या आंधळ्या बाईला कोणी विचारलं का?" आता तिला काय सांगू?

तुझी,
स्नेहलता

ता. क. पत्राखाली "उद्या" लिहितेस ते बरं. आमच्याकडे आजचंच राहिलेलं असतं.


ड्युसेलडॉर्फ,
८ मार्च १९६४

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

विनयची बातमी वाचून फार आनंद झाला. ह्यांना तुमचं पत्र मिळालं. आहेराचं काय ठरलं विचारलं तर "बघू" म्हणाले. तुम्ही आईंबद्दल लिहिलंत ते वाचलं. उत्तर पुढच्या पत्रात देते. अगदी नक्की.

काल फेराइनची बैठक झाली. वोनुंग्सआम्ट, म्हणजे घरांचं सरकारी ऑफिस, तिथलेही एक गृहस्थ आले होते. अर्ज चौदा. मी नंबर पुकारायचे आणि अर्ज वाचायचे, मग सगळ्यांनी मार्क द्यायचे.

अकरा नंबर वाचताना मला रडू आलं. खोटं सांगत नाही. चौथ्या मजल्यावरचं छपराखालचं बिऱ्हाड. घरातला पुरुष खोलीच्या मध्यावरच सरळ उभा राहू शकतो. खिडकीजवळची भिंत हिवाळाभर ओली. संडास अर्ध्या जिन्यावर, दोन बिऱ्हाडांत एक. मुलीला अभ्यासाला टेबल नाही. वृद्ध आई मायदेशाहून येणार, तिला चार जिने चढायचे आहेत आणि निजायला जागा नाही. आणि शेवटी एक वाक्य: "माझी पत्नी कधीही तक्रार करत नाही, त्यामुळे तिला किती त्रास होतो हे मला नेमकं सांगता येत नाही." फ्राउ हेगेमाननी चष्मा पुसला. मी मनात म्हटलं, काय बाई असेल. अशा माणसांपुढे आपण किती सुखी. मी सगळ्यांत जास्त मार्क दिले. अकरा नंबर पहिला आला, बराच पुढे.

ग्रीक असतील असं मला वाटतं. भाषा नीटस होती, कोणाकडून लिहून घेतली असावी.

आता वाईट ते सांगते. पिलारचा अर्ज मी लगेच ओळखला. दोन होस्टेलं आणि स्पेनमधली मुलगी, दुसरं कोण असणार. नंबर तीन. शेवटून दुसरा आला. होस्टेलच्या खोलीत चार बायका, चार खाटा, नियमाप्रमाणे. ओल नाही, गळती नाही. कामाचं अंतर नाही, फाटकातच कारखाना. "घरातली मुलं": नाहीत. कारण मूल घरात नाही. कारण घर नाही. माझ्या पद्धतीप्रमाणे पिलार ही चौदांमधली जवळजवळ सगळ्यांत सुखी बाई ठरली.

मी तोंड उघडलं नाही. मी तिला ओळखते, म्हणून बोलणं अन्यायाचं झालं असतं. हेर कोस्टर नुसते माझ्याकडे पाहत होते. घरी येताना मला वाटलं, मी न्यायाने वागले की फक्त न्यायी दिसले?

पिलारला आज स्टेशनवर भेटले. तिने विचारलं, "माझं काय झालं?" मी म्हटलं, "अजून तपासणी व्हायची आहे." हे खरं होतं. तिने मला संत्रं सोलून दिलं.

अंतिम निर्णय मेच्या मध्यावर. तोपर्यंत कोणाची परिस्थिती बदलली तर पुन्हा तपासायचं, असंही एक कलम मी घातलं होतं. कोणाचं तरी मूल जन्मेल म्हणून.

उद्या: पिलारच्या गावी आजीचे डोळे कोणी डॉक्टरने पाहिले आहेत का ते विचारणे.

तुमची,
मालिनी


पुणे,
२० मार्च १९६४

चि. सौ. मालिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. अकरा नंबरचं ऐकून मलाही गहिवरून आलं. इस्त्रीच्या फळीवर भूमिती करणारी ती पोर डोळ्यांपुढे येते. त्यांनाच घर मिळू दे. तू मार्क दिलेस ते योग्यच, त्यात आता मागेपुढे करू नकोस. तुझी ती खोड आहे, ताट वाढून झालं की मीठ कमी का जास्त ते आठवत बसतेस.

पिलारबाईचं वाईट वाटतं. पण नियम म्हणजे नियम, आणि केलेस तूच.

आईच्या पासपोर्टचे फोटो काढले. फोटोवाला म्हणाला, "आजी, जरा हसा." ती म्हणाली, "मी कुठे चालले ते आधी सांगा, मग ठरवते." तिचा स्वभाव तुला माहीतच आहे.

लग्नाच्या गडबडीत आहे. यशवंताला म्हणावं, त्याचं पत्र पोचलं. काळजी करू नकोस.

स्नेहलता


ड्युसेलडॉर्फ,
३० मार्च १९६४

ती. वन्संना,
न. वि. वि.

"साष्टांग" मुद्दाम गाळला आहे. तुम्हाला ते कळेल.

काल, ईस्टरच्या रविवारी दुपारी हेर कोस्टर आले. चार जिने चढून धापा टाकत होते. मला वाटलं, ईस्टरचं भेटायला आले. मी आनंदाने आत घेतलं, चहा टाकला, शंकरपाळे काढले. हे उठून बाहेरच्या जिन्यात जायला निघाले, तर हेर कोस्टर म्हणाले, "तुम्ही थांबा, तुमची सही लागेल."

मग त्यांनी खिशातून टेप काढली आणि छप्पर मोजायला लागले. मला वाटलं, जुनी सवय, इमारती मोजणारा माणूस. मी म्हटलंसुद्धा, "रविवारी तरी सुट्टी घ्या." त्यांनी खिडकीजवळच्या भिंतीला हात लावला, हात पाहिला, पुसला. लतिका इस्त्रीची फळी पलंगावर ठेवून भूमिती करत होती. तिला विचारलं, "तू नेहमी इथेच अभ्यास करतेस?" ती म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर. आणि मी हातातला कप खाली ठेवला. इस्त्रीची फळी तर त्या अर्जात नव्हती. ती तुमच्या पत्रात होती.

हेर कोस्टर फार सभ्य माणूस. म्हणाले, "फ्राउ जोगळेकर, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही वाचताना इतक्या हलल्या होतात, मला तेव्हाच जरा आश्चर्य वाटलं." मी विचारलं, सभासदाच्या कुटुंबाला अर्ज करता येतो का. ते म्हणाले, "नियमांत मनाई नाही. मी तपासलं." नियम माझे. सभासदाच्या घरातून कोणी अर्ज करेल हे मला सुचलंच नव्हतं. ह्यांचा पगार सरकारी मर्यादेत बसतो, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

ते गेल्यावर आमचं जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण त्यातला अर्धा भाग तुमचा आहे.

मी म्हटलं, "मला सांगायचंत."

हे म्हणाले, "सांगितलं असतं तर तू मार्क कमी दिले असतेस."

"अर्थात."

"मग? दुसऱ्याचं घर म्हणून वाचलंस तेव्हा रडलीस. आपलं म्हणून वाचलं असतंस तर कापलं असतंस. यात न्याय कुठला?"

मी म्हटलं, "आपण मजेत आहोत."

"तू मजेत आहेस. मी आठ वर्षं वाकून दाढी करतोय." मग म्हणाले, "आणि आक्काने लिहिलं, की तुझ्या बायकोचे नियम वाच, ते आपल्यासाठीच केल्यासारखे आहेत."

लतिका जर्मनमध्ये म्हणाली की आपल्याला नवीन घर मिळणार असेल तर भांडण कशाला. हे मराठीत म्हणाले, "आईला विचार." तिने मला विचारलं नाही.

वन्सं, तुम्ही माझं पत्र दोनदा वाचलंत ते याकरता. मी तुम्हाला पिलारची हकिगत लिहिली, तुम्हाला त्यात रिकामा फ्लॅट दिसला. मला राग आला आहे. पण तो नीट लिहिताही येत नाही, कारण तुम्ही आणि ह्यांनी जे केलं त्यात एकही खोटं वाक्य नाही. आईंना खरंच चार जिने आहेत. भिंत खरंच ओली आहे. तुमची गॅलरीही खरी आहे. मी फक्त कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. मधोमधच उभी राहत होते.

एवढंच कळवा: हे आईंना माहीत आहे का?

मालिनी


पुणे,
१२ एप्रिल १९६४

चि. सौ. मालिनीस आशीर्वाद.

रागाव. मी रागावले असते तर याहून जास्त लिहिलं असतं. हो, मीच सुचवलं. चोरी केली नाही. तू दार उघडलंस, "परदेशी कुटुंब" असं लिहून. आम्ही परदेशी नाही का तिकडे? तुला परकं कुटुंब म्हणजे दुसरंच कोणीतरी वाटलं, एवढीच तुझी चूक.

आणि माझ्यावरही जरा मार्क दे. माणसं चार, खोल्या दोन, म्हातारी एक, नवी सून येणार. कुठल्याही पद्धतीने मी पहिली येते. फक्त पुण्याला तुझी फेराइन नाही.

आईला माहीत नव्हतं. तुझं शेवटचं पत्र तिच्यासमोर वाचलं, कारण लपवून वाचायला जागा नाही. सगळं ऐकून घेतलं. मग पेन मागितलं. आठ वर्षांत तिने हातात पेन धरलं नव्हतं. खाली तिचंच अक्षर आहे, मी एक काना बदललेला नाही.

स्नेहलता

*चि. मालिनी, आशीर्वाद. मला कोणी विचारलं नाही म्हणून मी सांगते. मी येत नाही. मी आयुष्यात दोनदा घर बदललं, दोन्ही वेळा पुरुषांनी ठरवलं. आता लेकीने आणि मुलाने मिळून ठरवलं, तेही कागदावर. मार्कांसाठी का होईना कोणी मला माणसांत मोजलं, ते बरं वाटलं. पण मी तिथे नाही, तर मला तिथे मोजू नका. विनयची बायको आली की मी स्वयंपाकघरात निजेन, तिथे शेगडी आहे, मला ऊबच लागते. स्नेहलताला हे आधीच सांगायचं होतं, तिने विचारलं असतं तर. त्या स्पेनच्या आजीला सांग, डोळे गेले तरी पोरीच्या पायांचा आवाज ओळखू येतो, पण पोरीला ते पुरत नाही. पोरीला आणा. — तुझ्या सासूबाई*


ड्युसेलडॉर्फ,
१० मे १९६४

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

"साष्टांग" परत घातला आहे. राग पूर्ण गेला म्हणून नाही. त्याच्याशिवाय पत्राची सुरुवात मला उघडी वाटते.

आईंचं पत्र ह्यांना दिलं. त्यांनी ते खिडकीजवळ नेऊन वाचलं, म्हणजे वाकून. दोन दिवसांनी स्वतःच हेर कोस्टरकडे जाऊन अर्ज मागे घेतला. घरी येऊन म्हणाले, "आई अर्जातून गेली की आपण चौथे येतो. चौथं येऊन उपयोग नाही." मी त्यांना शाबासकी देणार होते, पण हे त्यागाने झालं की गणिताने, हे ठरवता येईना; मग नुसती पोळी वाढली.

आता सहा नंबरचा अर्ज पहिला झाला. पिलार होती तिथेच. मी फेराइनला म्हटलं, स्पेनमधलं मूल घरातलं धरावं. वोनुंग्सआम्टचे गृहस्थ म्हणाले, नियम निकालानंतर बदलत नाहीत. फ्राउ हेगेमान हळूच म्हणाल्या, "मालिनी, तुम्हीच म्हणाला होतात ना, ओळखीने काही नको?" म्हणाले होते.

मग मी काय केलं ते वाचून तुम्ही हसणार आहात. खुशाल हसा.

मी ह्यांना विचारलं. आधी विचारलं, हे मुद्दाम लिहिते. म्हटलं, "आईंसाठी मागची खोली रिकामी करणार होतोच." ह्यांनी छपराकडे पाहिलं. म्हणाले, "तो माणूस किती उंच आहे?" मी म्हटलं, तुमच्याहून बुटका. "मग ठीक आहे."

आन्सेल्मो आणि पिलार दोन्ही होस्टेलं सोडून आमच्याकडे राहायला आले. आन्सेल्मोचा गाववाला सुट्टीवरून परतताना इनेसला बरोबर घेऊन आला. पाहुणी म्हणून आली आहे, तेवढी परवानगी मिळते. तळमजल्यावरच्या मालकीणबाई फ्राउ डामेन यांना विचारायला गेले. त्या म्हणाल्या, "वर आणखी तीन माणसांना जागा आहे?" मी म्हटलं, "नाही." बहुधा माझं खरं उत्तर त्यांना आवडलं. अट एकच, जिना धुण्याची पाळी आता आमच्याकडे लवकर लवकर येणार. पोलिसांत तिघांची नोंद केली. सगळं रीतसर.

तर आता दोन खोल्यांत सहा माणसं. खिडकीजवळची भिंत ओली. मूल घरातलं. कामाचं अंतर भरपूर. आन्सेल्मो पहाटे ट्राम पकडतो. पिलार आता माझ्या पद्धतीने बघितलं तर खरोखर दुःखी आहे. परवा हेर कोस्टर पुन्हा मोजायला येणार. परिस्थिती बदलली तर पुन्हा तपासायचं, हे कलम माझंच.

हे बरोबर आहे का, हे मी रोजनिशीला रोज विचारते. एकही खोटं वाक्य नाही. हे मी तुमच्याकडूनच शिकले. पण सहा नंबरचं कुटुंब कोणतं, ते मला माहीत नाही. त्यांची मुलं किती, भिंत कुठली ओली, मी वाचलं होतं आणि विसरले. पिलारला चेहरा आहे, सहाला नंबर आहे. नंबर द्यायची सूचना माझी होती, आणि त्यामुळेच आता मला शांत झोप लागते. मागे तुम्ही विचारलं होतंत, सोसायटीत आपल्यातल्यांना घेण्यात चूक काय? उत्तर देण्याचा माझा हक्क मी या महिन्यात गमावला आहे. दुसरा फ्लॅट शरदात मिळणार, तेव्हा सहाचं नाव उघडून पाहायचं, असं मी फ्राउ हेगेमानना सांगून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही असं म्हणाल हे मला माहीत होतं." यात कौतुक किती आणि टोमणा किती ते ओळखता आलं नाही.

इनेस पहिले दोन दिवस बोलली नाही. आईच्या जवळ निजायचं हे तिला अवघडच गेलं. तिसऱ्या दिवशी लतिकाने इस्त्रीची फळी अर्धी तिला दिली. एक भूमिती करते, दुसरी घोडे काढते. मध्ये लतिकाने खडूने रेघ मारली आहे. मी पुसायला गेले तर दोघी एकदम ओरडल्या, एक जर्मनमध्ये, एक स्पॅनिशमध्ये.

हे आता दाढी करताना आन्सेल्मोला आरसा धरायला लावतात. मधोमध उभं राहायला एकच जागा, म्हणून पाळी लावली आहे. काल ह्यांनी त्याला विचारलं, "तुला घर मिळालं तर आम्हाला जेवायला बोलावशील?" त्याला जेवण एवढंच कळलं. तो म्हणाला, "या, या," म्हणजे हो, हो, आणि संध्याकाळी शेंगांची आमटी करून वाढली. मीठ जास्त होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

आईंना सांगा, पोरगी आली. तिच्या पायांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू येतो, फ्राउ डामेनची तक्रार आहे. आणि स्वयंपाकघरात निजण्याबद्दल त्यांना एकदा सरळ विचारा, वन्सं. ठरवू नका, विचारा. विनयला आणि नव्या सुनेला आमचे आशीर्वाद. आहेराचं ह्यांना खरंच काही लिहिलं होतंत का?

हेर कोस्टर खाली आले की आधी घंटी पाहतात. दाराच्या घंटीवर ज्याचं नाव नाही तो या देशात राहत नाही.

उद्या: खालच्या घंटीजवळ, आमच्या नावाखाली, रोब्लेस हे नाव लावणे.

मालिनी